डावं-उजवं न करणारी बंदूक

श्रावण वद्य १, शके १८६२. पुसेगाव.

आज दादाने चकित केलं. जेवता जेवता म्हणाला, "उकंड्या, किती दिस दुसऱ्याच्या बंदुकीनं चांदमारी करशील? घेऊन टाक तुझी तू. परवान्याचं मी पाहतो."

माझा घास हातातच राहिला. हाच दादा गेली पाच वर्षं माझ्या नेमबाजीला 'रिकामटेकड्याचे धंदे' म्हणत आला. हिंगोलीच्या जुन्या छावणीपलीकडे चांदमारीचं मैदान आहे, तिथे दर आठवड्याला जातो म्हणून मला 'लाटसाहेब' म्हणायचा. आता एकदम हे! वहिनीसुद्धा भाकरी थापायची थांबली.

मला वाटतं, हा सिंधूबाईचा पायगुण. डोंगरकड्याला गेल्या आठवड्यात माझी सोयरीक ठरली. पहिली गेली त्याला चार वर्षं झाली, मूलबाळ काही राहिलं नाही. मी तर आता घरातल्या मांजरासारखा एका कोपऱ्यात म्हातारा होणार असं सगळे धरूनच चालले होते. सुपारी फुटली त्या दिवशी दादा गप्प गप्प होता. मला वाटलं होतं की त्याला स्थळ पसंत नाही. तर हा मनात माझ्यासाठी बंदूक घेऊन बसलेला.

माणूस ओळखायला आपण चुकतो. आणि सख्खा भाऊ ओळखायला तर हमखास.

श्रावण वद्य ६.

हिंगोलीला जाऊन आलो. दादाही आला होता, हे दुसरं नवल.

बाबूसिंग पलटणीतून हवालदार होऊन निघालेला. चांदमारी शिकवतो आणि जुन्या बंदुकांची देवघेवही करतो. माझ्या डाव्या हाताची टिंगल करायची एक संधी सोडत नाही. "आओ रावसाब, उलटे हात के सीधे आदमी" असं म्हणून त्याने दोन रायफली चटईवर मांडल्या.

पहिली बोल्टची. देखणी, लांब नळीची, नेम असा की सुपारी फोडावी. पण दर बाराला मागेपुढे करायचा बोल्टचा दांडा उजव्या अंगाला. उजव्या हाताच्या माणसाला ते ठीक. मी डाव्या खांद्याला बंदूक लावतो, तेव्हा दर बाराला मला हात वरून पलीकडे न्यावा लागतो, डोळा नेमावरून हलतो, आणि रिकामं काडतूस उडतं ते गालासमोरून.

दुसरी मार्टिनी. बुटकी, जुनी, एका वेळी एकच काडतूस घेणारी. तिचा दांडा खाली, बोटांच्या मागे. खाली ओढला की तोंड उघडतं, वर केला की मिटतं. बाबूसिंग म्हणाला, "ये बंदूक डावं-उजवं नहीं करती. जिसने उठाई उसकी."

मला हसू आलं. आईचं आठवलं. लोक तिला म्हणायचे, थोरला गुणाचा आणि धाकटा डावरा. ती म्हणायची, माझ्या घरात डावं-उजवं चालत नाही. माझ्याआधी तिची तीन लेकरं गेली होती. मी जगावा म्हणून मला उकंड्यावर, गावच्या उकिरड्यावर टाकून, कोंडा देऊन परत विकत घेतलं आणि तेच नाव ठेवलं. उकंड्यावरून उचललेल्याला कोण डावं म्हणणार?

दादा मात्र बोल्टच्या रायफलीपाशीच घुटमळत होता. बारीक बारीक विचारत होता. "काडतूस आतच फुटलं तर काय व्हतं?"

बाबूसिंग म्हणाला, "भोक उजवीकडं आहे ना. सगळी आग उजवीकडं. सीधे हातवाला बच जाता है, उसका मुँह इधर होता है. डावऱ्याचं तोंड बराबर भोकावर."

दादाने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाला, "उकंड्या, हीच घे. लांब मारते."

इतकं तपशिलात विचारणारा भाऊ किती जणांना असतो? मला मार्टिनी आवडली होती, पण त्याचं मन मोडवेना. बोल्टची घेऊन आलो, पसंत पडली नाही तर बदलायच्या बोलीवर.

पोळा.

बैल मिरवले. नव्या नांगराची पूजा झाली आणि दादाने अंगणात त्याचा पहिला तास ओढला. घरात नवं काहीही आलं तरी पहिला हात थोरल्याचा, ही बाबांपासूनची रीत. आम्ही धाकटे मागे उभे राहून फक्त खोबरं खातो.

संध्याकाळी ओढ्याकडे मडकं ठेवून बार काढले. नेम चांगला लागला, पण तिसऱ्या बाराला रिकामं काडतूस उडालं ते सरळ सदऱ्याच्या गळ्यात. गरम. मी तिथेच नाचलो. बांधावर दादा उभा होता. एरवी अशा वेळी त्याला हसता हसता ठसका लागतो. आज हसला नाही, नुसता बघत राहिला.

मी म्हटलं, "दादा, ही बंदूक मला खाणार एखाद्या दिवशी."

तो म्हणाला, "सवयीनं जमंल." आणि निघून गेला.

भाद्रपद शुद्ध ११.

डोंगरकड्याची मंडळी येऊन गेली. लग्न कार्तिकात, तुळशीनंतर. सासरे मोठे बोलघेवडे. जाता जाता दादाला म्हणाले, "तातेराव, लग्नाआधी दोघा भावांच्या वाटण्या झाल्या म्हंजे बरं. पुढं बायकांत कुरबुर नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मध्येच म्हणालो की मला काही वाटणीबिटणी नको. सासरे हसून म्हणाले, "आज न्हाई म्हणता. लेकरं झाल्यावर म्हणताल."

दादाने त्यांना वेशीपर्यंत पोचवलं. नीट बोलला, पानसुपारी दिली. पण रात्री जेवला नाही. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "पोट बरं न्हाई म्हणतेत." विहिरीकडचा मळा दादाने स्वतःच्या हाताने फोडलेला. खडक फोडताना त्याच्या पाठीला कायमची उसण भरली. तो मळा निम्मा कोण मागणार आहे त्याच्याकडे? मी तर नाही. हे त्याला सांगायला पाहिजे होतं, पण आमच्यात असलं बोलायची पद्धत नाही. दोघं समोरासमोर बसून पावसाबद्दल बोलतो झालं.

भाद्रपद वद्य ४.

बंदूक बदलून आणली. मार्टिनीच.

काल गालाला भाजलं, तेव्हाच ठरवलं. दादाला सांगितलं तर पहिल्यांदा म्हणाला, "पितरपाट चालू हाय. पितरपाटात नवं काई घरात आणू नाई."

मी म्हटलं, "घेऊन नाही राहिलो, बदलून राहिलो. पितरांना एवढा फरक कळतो."

यावर तो इतका तापला की मी बघतच राहिलो. "तुला कळतं तेवढं कोणालाच कळत न्हाई. मी सांगितलेली एक गोष्ट ऐकशील तर शपथ!" भांडं भिरकावलं. वहिनी दारात आली तर तिच्यावरही ओरडला.

तरी गेलो. आपल्या गालाचा प्रश्न आहे. बाबूसिंगने मार्टिनी हातात दिली, आणि मला वाटलं की पहिल्यांदाच कोणीतरी वस्तू मला विचारून बनवली आहे. दारं, विळे, कात्र्या, शाळेतली दौत, सगळं जग उजव्या माणसांनी उजव्यांसाठी करून ठेवलं आहे. मास्तर माझा डावा हात बाकाला बांधायचे. सुटी झाली की दादा येऊन सुतळी सोडायचा. शेतातल्या माळ्यावर उभं करून गोफण त्यानेच शिकवली. म्हणाला होता, "पाखराला काय कळतंय दगड कोण्या हातानं आला." तेव्हा नेम माझा असायचा आणि कौतुक त्याचं.

आज त्याने बंदुकीकडे बघितलंसुद्धा नाही.

भाद्रपद वद्य ९.

अविधवा नवमी. आई सवाष्ण गेली, म्हणून तिचं आजच असतं. घास ठेवला, पण कावळा शिवेना. बराच वेळ गेला. शेवटी दादा पुढे झाला आणि हात जोडून पुटपुटला, "उकंड्याचं मी बगीन." तरी शिवला नाही. मग गाय आणून तिच्यापुढे ठेवलं.

दादा ओसरीवर बसून रडला. मोठ्या माणसाचं रडणं बघवत नाही. मी जवळ गेलो तर माझा डावा हात हातात घेऊन नुसता बसून राहिला. मी म्हटलं, "बंदुकीचं मनात ठेवू नकोस." तो म्हणाला, "तू काहून इतका चांगला हायेस रे?" हे चिडून म्हटल्यासारखं म्हणाला.

आश्विन शुद्ध ३.

लढाईमुळे विलायती काडतुसं येणं बंद झालं. बाबूसिंगकडे मोजकीच आहेत, ती दिवाळीनंतरच्या चांदमारीच्या सामन्यासाठी राखली. दसऱ्याला बार काढायला काय, हा प्रश्न होता. तो दादाने सोडवला. औंढ्याकडे कोणी शिकारी हाताने काडतुसं भरतो, त्याच्याकडून एकच मिळालं म्हणे. कापडात गुंडाळून आणलं होतं.

"हे पूजेचं. खंडेनवमीला बंदुकीजवळ ठेव, हळदकुंकू वाहा. दसऱ्याला पहिला बार ह्याचाच काढ."

मी म्हटलं, पहिले बार तर केव्हाच काढून झाले.

"ते धरायचे न्हाई. पूजा व्हईस्तोर ते लोखंड. पूजा झाल्यावर हत्यार."

काय बोलतो कधी कधी! लिहून ठेवावं असं. राग गेलेला दिसतो. त्याच्या बोटांना काळं लागलेलं होतं, नखांत सुद्धा. गाडीला वंगण घातलं असणार. मी हात धुवायला पाणी ओतलं, पण ते काळं काही निघेना.

आश्विन शुद्ध ७.

वहिनीचं काहीतरी बिनसलं आहे. गोठ्यामागच्या खोलीत बाबांच्या जुन्या ठासणीच्या बंदुकीची दारू असते, तिचा डबा घेऊन मला विचारायला आली, "भाऊजी, ह्यातली दारू तुमी काढली का?" मी नाही म्हटलं. तिने डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

मग म्हणाली, "आवंदा बार नका काढू."

"काहून?"

"लगीन ठरल्यालं माणूस. माझं मन न्हाई."

द्वारकावहिनी या घरात आली तेव्हा मी शाळेत जाणारा होतो. तिचा स्वभाव मला पाठ आहे. मांजर आडवं गेलं तरी ती माघारी येते. मी थट्टेत म्हटलं, "वहिनी, हळद लागायच्या आधी बंदुकीला लागू द्या की." ती हसली नाही. दादा बाहेरून आला तशी डबा पदराखाली घेऊन आत गेली.

रात्री त्यांचं दोघांचं हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. नवराबायकोचं भांडण, आपण कान देऊ नये. मी कूस बदलून झोपलो.

खंडेनवमी.

तलवार, कोयते, कुऱ्हाडी, ठासणीची बंदूक आणि माझी मार्टिनी ओळीने मांडली. पूजेचं काडतूस विड्याच्या पानावर. वहिनीने कुंकू वाहिलं तेव्हा तिचा हात काडतुसाला लागला नाही, वरूनच टाकलं.

पूजा करता करता मला एक सुचलं. उद्या सगळ्या गावासमोर करीन. आज कोणाला सांगत नाही, दादाला तर मुळीच नाही.

आश्विन वद्य ५.

मध्ये लिहिणं झालं नाही. लिहिलंच पाहिजे, नाहीतर डोकं फुटेल.

दसऱ्याला सगळे सीमेवर आपट्याच्या झाडाखाली जमलो. पूजा झाली, पानं लुटली. मी बंदुकीत काडतूस घातलं, दांडा वर केला आणि लोकांना वाटलं की आता मी बार काढणार. दादा बराच लांब, बाभळीपाशी उभा होता. मी सरळ त्याच्याकडे चालत गेलो आणि बंदूक त्याच्या पुढे धरली.

"दादा, घरात नवं आलं की पहिला हात थोरल्याचा. नांगराला तू, मग हत्याराला मी कोण?"

त्याचा चेहरा मला अजून दिसतो. मला वाटलं, गहिवरला. म्हणाला, "बंदूक तुझी. बार तूच काढ."

"पूजा झाली, आता ती घराची."

"माझा हात उजवा. डावऱ्याची बंदूक मला कशी जमंल?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ही डावं-उजवं करत नाही, दादा. म्हणूनच तर आणली." लोक हसले. सोनाजीकाका, गावातले सगळ्यांत वडील, म्हणाले, "तातेराव, धाकटा मान देऊन राहिला. आसा भाऊ शोधून सापडायचा न्हाई. धर."

दादाने बंदूक घेतली. त्याची दोन्ही पोरं बघायला पुढे आली होती. त्यांच्यावर केवढ्याने तरी ओरडला, "झाडामागं व्हा!" पोरं घाबरून पळाली. मग त्याने बंदूक खांद्याला लावली. आणि खाली आणली. पुन्हा लावली, पुन्हा खाली. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. माणसं कुजबुजायला लागली. कोणीतरी म्हणालं की तातेरावाला बाराचं भेव वाटतंय.

मला वाईट वाटलं. उगाच चारचौघांत त्याला अडचणीत टाकलं. मी जवळ गेलो आणि हात पुढे केला. "राहू दे. दे इकडे, मीच काढतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी गोफण शिकत होतो तेव्हा बघायचा, तसंच. मग म्हणाला, "मागं सर, उकंड्या." आणि कोपराने माझ्या छातीत असा तडाखा दिला की मी मागे ढेकळांत जाऊन पडलो. पडलेला उठतोय तोच बार झाला. तो नेहमीचा आवाज नव्हता.

पुढचं लिहवत नाही. गाडीतून हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळे गेले होते. रात्रभर एकच म्हणत होता, मागं सर. मी उशाशी बसून म्हणत होतो, सरलो रे, सरलो. तिसऱ्या दिवशी पहाटे गेला.

एकच गोष्ट मला समजत नाही. बंदूक तर खाली आणली होती त्याने. मी मागत होतो. मग काहून काढला बार?

आश्विन वद्य १२.

बाबूसिंग भेटायला आला. फुटलेली बंदूक त्याने उलटीपालटी करून बघितली, पितळेचा तुकडा हुंगला. "रावसाब, हे काडतूस न्हाई, सुरुंग आहे. किसने भरा?" मी औंढ्याच्या शिकाऱ्याचं सांगितलं. तो म्हणाला, "मैं उधर के सब शिकारियों को जानता हूँ. काडतूस भरणारा उधर एक भी नहीं." आणि माझ्याकडे बघत बसला. त्याला तरी सगळे कुठे माहीत असणार.

पोलीस ठाण्याचे अमीनसाहेबही चौकशीला येऊन गेले. मी लिहून दिलं, अपघात, कोणावर संशय नाही. माझ्यावरच असेल तर आहे. मीच मानाचा हट्ट धरला. रीत रीत करत बंदूक मीच त्याच्या हातात दिली.

कार्तिक शुद्ध २.

दिवाळीला दिवा लावला नाही. आज भाऊबीज, पण या घरात कोण कोणाला ओवाळणार.

डोंगरकड्याला निरोप धाडला की लग्न होणार नाही. सासरे धावत आले, समजावून थकले. सिंधूबाईचं काही वाईट होऊ नये, तिला चांगलं स्थळ मिळावं. पण दादाची पोरं उघडी पडली आणि मी मुंडावळ्या बांधायच्या, हे जमायचं नाही. विहिरीकडचा मळा आणि माझं जे काही आहे ते सगळं पोरांच्या नावाने करतो आहे. अर्ज तहसिलीत दिला. मला दोन वेळा भाकर मिळाली की झालं. चांदमारी सुटली. डावा हात आता गोफणीपुरता.

वहिनीला सांगितलं तेव्हा ती किंचाळली. खरंच किंचाळली. "भाऊजी, आसं करू नका. तुमाला म्हाईत न्हाई. मी सांगते. आज सांगतेच."

मी हात जोडले. म्हटलं, "वहिनी, दादाचं नाव निघालं की मला सहन होत नाही. जे असेल ते असू दे. तुमी काहीच सांगू नका." ती भिंतीला धरून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडत राहिली. माझ्यावरचा तिचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा तरी कसा.

आईने आम्हा दोघांत कधी डावं-उजवं केलं नाही. मी त्याच्या लेकरांत आणि माझ्या न झालेल्या लेकरांत का करू? माझ्या जागी दादा असता तर त्यानेही हेच केलं असतं.